उस्तादांनी वगळलेली पानं

औद्योगिक क्षेत्रातल्या त्या शेडचं शटर अर्ध्यावर येऊन अडकलं होतं. "मॅडम, झुकके जाओ, इससे ऊपर नहीं जाता," वॉचमन म्हणाला आणि आम्ही दोघी वाकून आत शिरलो. आत काहीच उरलं नव्हतं. छपाईची यंत्रं भंगारात गेली होती. त्यांच्या पायांचे काळे चौकोन तेवढे फरशीवर राहिले होते. वास मात्र कुणी नेला नव्हता. शाईचा, थिनरचा आणि त्या दोन्हींच्या खाली दबलेला सरसाचा तो जड, गोडसर वास. वीस-बावीस वर्षांनी नाकात शिरला आणि मी क्षणभर तिथेच उभी राहिले.

माझ्याबरोबर एलिफ होती, रिफात उस्तादांची नात. दोन दिवसांपूर्वी जर्मनीहून आली होती. आजोबा जिथे पुस्तकं बांधायचे ती जागा तिला बघायची होती. मला तिथे परत जायचं होतं का, कोण जाणे. या वयात जुन्या जागांचा शीण येतो. जागा काही विचारत नाही, आपणच तिला उत्तरं देत बसतो.

"कुठे बसायचे ते?" तिने इंग्रजीत विचारलं.

मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे आता एक फुटलेली प्लास्टिकची बादली पडली होती.

त्या काळी शुक्रवार हाच आमचा रविवार होता. आम्ही वसईचे ख्रिस्ती, राहायला शारजातल्या रोल्लामध्ये, कापडाच्या दुकानांच्या वर तिसऱ्या मजल्यावर. शुक्रवारी सकाळी मिस्सा, मग मासळी, मग दुपारचं जेवण. इकडे गल्लीतल्या मशिदीत जुम्म्याची गर्दी रस्त्यापर्यंत यायची. माणसं पुठ्ठ्यांवर नमाज पढायची आणि नमाज सुटल्यावर ते पुठ्ठे फुटपाथवर तसेच पडून राहायचे. गुडघ्यांचे, कपाळांचे ठसे उमटलेले. पपा प्रेसमध्ये छपाईच्या प्लेट बनवायचे. त्यांच्या शर्टाला कायम आंबट रसायनाचा वास असायचा. मी बावीस वर्षांची, एका युरोपियन काँट्रॅक्टिंग कंपनीत सेक्रेटरी. टायपिंग फास्ट आणि बिनचूक. पपांना त्याचा फार अभिमान. सगळ्यांना सांगत सुटायचे. तसंच त्यांनी ते उस्तादांनाही सांगितलं असणार.

रिफात उस्ताद प्रेसचे बाइंडर होते. तुर्की माणूस, सत्तरीला टेकलेला. पाठीत किंचित वाकलेले, मिश्या पांढऱ्या, सरसाने बोटांची टोकं कडक झालेली. शारजात का आले, कधी आले, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. प्रेसमध्ये सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, मी अंकल म्हणायचे. ते मला 'कझम' म्हणायचे. त्यांच्या भाषेत पोरी. आम्ही बोलायचो ते इंग्रजीत आणि बाजारातल्या हिंदीत. आता आठवतं ते मात्र मराठीतच आठवतं.

"माझ्या आजोबांची एक वही आहे," पहिल्या दिवशी ते म्हणाले. "मी वाचून इंग्रजीत सांगेन. तू टाइप कर. चुका माझ्या, स्पेलिंग तुझं."

वही तपकिरी चामड्यात बांधलेली होती. अक्षरं मला अरबी वाटली. "अरबी नाही, तुर्की," उस्ताद म्हणाले. "तेव्हा आम्ही असं लिहायचो. मग लिपी बदलली. माझ्या मुलाला हे दाखवलं तर तो म्हणतो, मुंग्यांची रांग आहे." त्यांना मात्र वडिलांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून ती लिपी शिकवली होती, एवढ्या एका वहीसाठी.

त्या हिवाळ्यात आम्ही सुरुवात केली. शुक्रवारी दुपारी प्रेस बंद असायची. थांबलेल्या यंत्रांची एक वेगळीच शांतता असते, तापलेलं लोखंड हळूहळू गार होत असल्यासारखी. मधूनच पत्रा टिक् करून वाजायचा. बाहेरच्या कॅफेटेरियातून उस्ताद दोन कागदी कपांत कडक चहा आणायचे, वेलचीचा आणि डब्यातल्या दुधाचा. मग चष्मा पुसायचे, वही उघडायचे आणि थोडा वेळ नुसते बघत बसायचे. जाड मॉनिटरच्या उजेडात माझी बोटं तयार.

आजोबा सुलतानाच्या राज्याच्या अखेरच्या वर्षांत सरकारी कारकून होते. तरुणपणी पॅरिसला शिकून आलेले. वही युरोपविषयी होती. मला वाटलं होतं शिव्याशाप असतील. पण पहिलं प्रकरण उपकारांचं निघालं. पॅरिसच्या कोर्टात एका धोबिणीने मोठ्या घरच्या माणसाविरुद्ध खटला जिंकला, तो आजोबांनी बाकावर बसून पाहिला होता. ग्रंथालयात परक्या माणसाला काही न विचारता पुस्तक हातात देतात, याचं त्यांना इतकं अप्रूप की दोन पानं त्यावरच. उस्ताद ती पानं हसत हसत सांगायचे.

मग आजोबा गावी परततात आणि तोच देश त्यांना बंदरात भेटतो. त्याच देशाच्या वकिलातीचा नोकर धक्क्यावर एका हमालाला मारतो, आणि इथल्या न्यायाधीशाला त्याला हात लावता येत नाही, कारण तसा करार आहे. कायदा म्हणजे या लोकांचा कोट, आजोबा लिहितात. आपल्या घरी अंगात घालतात, आमच्याकडे उकडतं म्हणून काढून ठेवतात. रेल्वेचा ठेका हवा असला की त्याला सुधारणा म्हणतात. एका गावातल्या मेलेल्यांसाठी त्यांची वर्तमानपत्रं रडतात, शेजारच्या गावातले मेलेले त्यांना दिसतसुद्धा नाहीत. त्यांचा माणूस सहसा खोटं बोलत नाही आणि त्यांचं राज्य सहसा खरं बोलत नाही.

"मला तुमच्या तत्त्वांचा राग नाही," उस्ताद एकेक शब्द तोलून सांगायचे, जणू आजोबाच बोलताहेत. "जहाजात चढताना ती तत्त्वं धक्क्यावर ठेवून आलात, याचा राग आहे. टाइप केलंस?"

"केलं, अंकल."

"धक्क्यावर. 'किनाऱ्यावर' नको. धक्क्यावर सामान ठेवतात."

मग ईस्टरआधीचा आमचा उपवासकाळ आला आणि त्याच दिवसांत वरच्या अंगाला, फार लांब नसलेल्या एका देशावर युद्ध सुरू झालं. रोल्लातल्या टीव्हीच्या दुकानांसमोर माणसांची दाटी व्हायची. काचेमागे दहा-बारा टीव्ही आणि सगळ्यांवर तेच हिरवं आकाश, त्यात फुटणारे तेच पांढरे ठिपके. आवाज ऐकू यायचा नाही. मम्मीने पाण्याचे खोके आणि तांदळाच्या पिशव्या पलंगाखाली भरून ठेवल्या. उत्तरेकडून वारा सुटला की धुळीने दुपार पिवळी व्हायची आणि दातांत वाळू कचकचायची. टीव्हीवर सूट घातलेली माणसं स्वातंत्र्याविषयी बोलायची. आणि शुक्रवारी मी शंभर वर्षांपूर्वीचं वाक्य टाइप करायचे, ते आदल्या दिवशीच ऐकल्यासारखं वाटायचं.

उस्तादांच्या अंगात तेव्हा निराळंच बळ आलं होतं. टाइप झालेली पानं त्यांनी झेरॉक्स करून प्रेसमध्ये वाटली. मशीनवरच्या पेशावरच्या माणसाने ती घरी नेली, डिझाइनवाल्या सीरियन पोराने वाचून उस्तादांच्या हाताचं चुंबन घेतलं. बाहेरगावचा एक प्रकाशक येऊन बघून गेला. "यल्ला, उस्ताद, लवकर पूर्ण करा," तो म्हणाला. "हीच वेळ आहे."

एका शुक्रवारी माझ्या लक्षात एक गोष्ट आली. टाइप केलेल्या प्रत्येक पानाच्या कडेला मी वहीतल्या पानाचा आकडा पेन्सिलीने लिहून ठेवायचे. अक्षरं येत नसली तरी ते आकडे मला येत होते, इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचून वाचून शिकले होते. एकशे अठ्ठेचाळीसनंतर उस्तादांनी पानं उलटली आणि थेट एकशे एकाहत्तरपासून सांगायला लागले. तिथे दोनच पानं होती, समारोपाची.

"अंकल, मधली बावीस पानं राहिली."

"ती कामाची नाहीत."

"पण लिहिलेली आहेत. मला दिसली."

"खलास, कझम," ते म्हणाले. आवाज चढला नाही, पण त्यांनी वही मिटली आणि त्या दिवशीचं काम तिथेच थांबलं.

आमच्या ऑफिसात रिसेप्शनच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत कंपनीची मूल्यं लावलेली होती. प्रामाणिकपणा, आदर, पारदर्शकता. रोज सकाळी ती चौकट पुसून घेणं माझ्याकडे होतं. युद्धामुळे दोन प्रोजेक्ट थांबले. मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि हाताने लिहिलेली एक यादी दिली. ज्यांचे व्हिसा कॅन्सल करून परत पाठवायचं त्यांची. "स्वच्छ टाइप करून दे. हे बाहेर जाता कामा नये," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. माझ्या वाढदिवसाला केक आणायचा.

यादीत तिसरं नाव आंतोनकाकांचं होतं.

आंतोनकाका आमच्या गावचे, पपांचे लहानपणापासूनचे मित्र. कंपनीत स्टोअरकीपर. मला ती नोकरी त्यांनीच लावून दिली होती. मी आडनावाचं स्पेलिंग नीट तपासलं, कारण त्यांचं आडनाव लोक नेहमी चुकीचं लिहितात. बिनचूक टाइप केलं, प्रिंट काढली, पाकिटात घालून दिली.

पत्रं तीन-चार आठवड्यांनी निघणार होती. त्यातल्या दुसऱ्या शुक्रवारी आंतोनकाका आमच्याकडे जेवायला आले. मोठ्या मुलीचं लग्न त्यांनी नुकतंच ठरवलं होतं, डिसेंबरात. "मे महिन्यात बायकोला इथे फिरवून नेतो," ते म्हणाले. "अठरा वर्षं झाली, बाय, तिने हा देश बघितलेला नाही. व्हिजिटचे कागद आले की झालं." मम्मीने त्यांना आणखी भात वाढला. मी मान खाली घालून माशातले काटे काढत राहिले.

त्या दुपारी प्रेसमध्ये माझी बोटं चुकत होती. उस्तादांनी विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं.

ते उठून उभे राहिले. चेहरा लाल झाला. "बघ! भिंतीवर काच लावून ठेवतात, त्यात शब्द. आणि आत दार लावून माणसं कापतात. आजोबांनी हेच लिहिलंय. शंभर वर्षांत एक अक्षर बदललेलं नाही त्यांचं!" ते बराच वेळ बोलत होते. यंत्रांच्या मधून येरझाऱ्या घालत होते. बोलून झाल्यावर माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की आता मी हो म्हणणार.

"पण टाइप मी केलं, अंकल," मी म्हटलं. "तिसरं नाव. स्पेलिंग तपासून."

उस्ताद खुर्ची ओढून बसले. चहा तसाच गार झाला, वर साय धरली. शेवटी म्हणाले, "आज घरी जा."

पुढच्या शुक्रवारी ते माझ्या आधी येऊन बसले होते. वही उघडी होती. मी कडेचा आकडा पाहिला. एकशे एकोणपन्नास.

"लिही," ते म्हणाले.

ते प्रकरण युरोपविषयी नव्हतं. आजोबांनी तोच रोख स्वतःच्या गावाकडे वळवला होता. त्यांच्या गल्लीत, समोरच्याच घरात, एक ख्रिस्ती बाइंडर राहायचा. दोन्ही घरांची मुलं एकाच विहिरीवर खेळायची. एका वसंतात वरून हुकूम आला की अशा सगळ्या ख्रिस्ती कुटुंबांना गावातून हलवायचं. कचेरीत यादी तयार झाली. यादी घाईत लिहिलेली, खाडाखोडीची. वरिष्ठांना स्वच्छ प्रत हवी होती आणि कचेरीत सगळ्यांत सुंदर हस्ताक्षर आजोबांचं होतं.

उस्ताद सांगत होते आणि मी टाइप करत होते. आजोबांनी दिवसभर बसून ती प्रत केली. शाईचा डाग पडू नये म्हणून दोनदा टाक बदलला. समोरच्या घरातली सहाही नावं लिहिली, पाळण्यातल्या मुलीचंसुद्धा. संध्याकाळी घरी आले तर बाइंडर दारात उभा होता. त्याने विचारलं, काही ऐकलंत का? आजोबा म्हणाले, नाही. तिसऱ्या दिवशी बैलगाड्या आल्या. गाड्या गेल्या त्या रस्त्याने कुणी परत आलं नाही. काही दिवसांनी आजोबा समोरच्या उघड्या घरात गेले आणि बाइंडरची हत्यारं उचलून आपल्याकडे घेऊन आले. चोरीला जातील म्हणून, असं त्यांनी आधी लिहिलं होतं. मग त्यांनीच त्या शब्दांवर रेघ मारली होती.

"रेघ मारलेलंही टाइप करू?" मी विचारलं.

"कर. आणि वर रेघ मार."

मग उस्तादांनी टेबलाच्या खणातून पानांना घडी घालायची हाडाची पट्टी काढली. मी ती त्यांच्या हातात रोज पाहायचे. कडेला दोन बारीक अक्षरं कोरलेली होती, माझ्या कधी लक्षात आली नव्हती. "माझे वडील याच्यावर शिकले. मी याच्यावर शिकलो," ते म्हणाले. "आमच्या घराचं पोट यावर भरलं. ज्यांची ही पट्टी, ते तुझ्यासारखे होते, कझम. शुक्रवारी मासळी खाणारे." आणि पट्टी माझ्यासमोर ठेवून त्यांनी चष्मा काढला.

पश्चिमेने आमच्याकडे येताना तत्त्वं धक्क्यावर ठेवली, आजोबांनी त्या प्रकरणात लिहिलं होतं. आणि पुढे: मला तर माझी रस्ता ओलांडतानाच सोडावी लागली.

त्याच संध्याकाळी, ऊन उतरायच्या आत, मी आंतोनकाकांच्या खोलीवर गेले. सहा जणांची खोली. दोरीवर गंजी वाळत होत्या. ते स्टोव्हपाशी सुकट भाजत होते. मी दारातच उभी राहून सांगितलं.

त्यांनी गॅस बंद केला. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"तीन आठवडे."

"म्हणजे मी तुमच्याकडे जेवायला आलो तेव्हा."

"हो."

त्यांनी तवा खाली उतरवला. "परवाच बायकोला फोन केला की कागद आले म्हणून," ते म्हणाले. मग मला बसायला सांगितलं आणि खालून सेव्हन-अप मागवलं. मी ते प्यायले. कसं प्यायले कोण जाणे. दोन दिवसांनी त्यांना पत्र मिळालं. विमानतळावर पपा गेले, मी नाही गेले. डिसेंबरात लग्न झालं. मी जाऊ शकले असते. गेले नाही. त्यानंतर वसईत ते दोन-तीनदा दिसले, चांगले बोलले, मुलीच्या मुलाचं बारसंही कळवलं. पण पपांच्या घरात पूर्वी ते न विचारता थेट स्वयंपाकघरात शिरायचे. ते काही परत झालं नाही.

मे महिन्यात, शेडमधला एकुलता एसी हरल्यासारखा घरघरत असताना, पुस्तक पूर्ण झालं. प्रकाशकाने नवी पानं वाचली आणि कपाळाला हात लावला. "हे कशाला, उस्ताद? लोक मरताहेत तिकडे. आत्ता हे म्हणजे शत्रूच्या हातात काठी देणं. पहिली एकशे अठ्ठेचाळीस पानं द्या, पुढच्या महिन्यात छापतो."

"सगळं छाप, नाहीतर खलास."

"मग खलास," प्रकाशक म्हणाला. निघताना त्याने गळाभेट घेतली. त्यालाही वाईट वाटलं असावं.

प्रेसमध्येही पूर्वीसारखं राहिलं नाही. सीरियन पोराने नवी पानं वाचली आणि परत टेबलावर ठेवून दिली. पुढच्या वर्षी उस्ताद मुलाकडे जर्मनीला निघून गेले. जाताना मला एक फ्लॉपी आणि स्वतः बांधलेली टाइप प्रत दिली, हिरव्या कापडात. "घरात ही कुणी वाचणार नाही. तुझ्याकडे असू दे." पहिल्या हिवाळ्यात पत्र आलं, दुसऱ्या हिवाळ्यात ते गेल्याचं कळलं.

शेडमधून निघालो तेव्हा रस्त्यावर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली होती. ट्रक, पिकअप, लेबर कॅम्पच्या बसेस. खिडक्यांना डोकी टेकून झोपलेली माणसं. एलिफ एसीची हवा पायांवर घेत बसली होती. मग तिने खरं काम काढलं.

"एका युरोपियन प्रकाशकाला पुस्तक हवंय," ती म्हणाली. "चांगला आहे, मोठा आहे. घरात मूळ वही आहे, पण ती आम्हाला वाचता येत नाही. वहीत काय काय आहे ते आजोबांनी जाण्याआधी थोडक्यात सांगितलं होतं, तेवढंच मी प्रकाशकाला कळवलं. तुमची प्रत हवी होती."

"मग दे ना. तुझंच आहे ते."

"त्यांना फक्त शेवटचं प्रकरण हवंय. शेजाऱ्यांचं. बाकीचं म्हणे जुनं झालंय, पश्चिमेविषयीची ओरड आहे, आज कोण वाचणार? कबुली छापायची आहे त्यांना." ती थांबली. "डॅड हॉस्पिटलमध्ये आहेत. उन्हाळा बघतील असं डॉक्टरांना वाटत नाही. मी आत्ता हो म्हटलं तर त्यांच्या हातात पुस्तक पडेल."

मला हसूही आलं नाही. फक्त फार थकल्यासारखं झालं. तेव्हाच्यांना पहिला भाग हवा होता, आताच्यांना शेवटचा. दुसऱ्याविषयीचं लिहिलेलं प्रत्येकाला हवं असतं. पुढची गाडी हलली, आम्ही चार हात सरकलो, परत थांबलो. मी तिला तेव्हाचा प्रकाशक, आंतोनकाका, सगळं सांगितलं. तेवढी ती रांग पुरली.

घरी आल्यावर मी कपाटातून हिरवी प्रत काढून तिच्यापुढे ठेवली. "मी काही सांगणार नाही," मी म्हटलं. "तुझे वडील आहेत. तुझ्या जागी मी काय केलं असतं, मला माहीत नाही." आणि ते खरं होतं. एलिफ जेवणाच्या टेबलाशी बसून सलग वाचत राहिली, मध्ये फक्त पाणी मागितलं. माझी मुलगी कॉलेजमधून आली, तिच्या खांद्यावरून दोन पानं वाचली आणि म्हणाली, "मम्मी, बट हू इज द गुड पर्सन इन धिस?" मी म्हटलं, हात धू, जेवायला बस.

दुपार कलल्यावर एलिफने बाल्कनीत जाऊन फोन केला. काचेतून मला तिची पाठ दिसत होती. ती फार थोडं बोलली, बराच वेळ ऐकत होती. आत आली तेव्हा डोळे लाल होते. "म्हणाले, बाकीचं नंतर कधीतरी बघू. मी म्हटलं, सगळं एकत्र, नाहीतर नको. म्हणाले, मग शुभेच्छा." ती खुर्चीत बसली. "डॅडना काय सांगू?"

"वाचून दाखव त्यांना."

तिने तसंच केलं. जर्मनीला परतल्यावर रोज संध्याकाळी, भेटायच्या वेळेत, पलंगाशी बसून ती इंग्रजी पानं तुर्कीत करून सांगत होती. मला मेसेज यायचे. डॅड धोबिणीच्या खटल्याला हसले. आज कोटाचं वाक्य परत वाचायला लावलं. मग एक दिवस, शेजाऱ्यांचं सुरू झालं आणि त्यांनी हात वर करून थांबवलं. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, पुढे.

त्यानंतरच्या आठवड्यात एक ओळ आली. डॅड गेले. सात पानं राहिली.

मी फोन उशापाशी ठेवून बसून राहिले. खाली रोल्लाच्या रस्त्यावर कुणीतरी कापडाचे तागे टेम्पोतून उतरवत होतं, एकेक तागा फुटपाथवर धप्पकन पडत होता. चार दिवसांनी तिचाच फोन आला. दफन झालं होतं, पाहुणे परतले होते.

"तुमच्या फ्लॉपीची प्रिंट आहे ना तुमच्याकडे?" तिने विचारलं. "राहिलेली पानं तुम्ही वाचा. मला एकटीला वाचवत नाहीत. मी ऐकते."

ही पानं मी टाइप केली होती, पण मोठ्याने कधीच वाचली नव्हती. तेव्हा आवाज उस्तादांचा असायचा. मी चष्मा लावला, खिडकी बंद केली आणि सुरुवात केली. गाड्या येतात. बाइंडरची बायको पाळणा उचलून घेऊन निघते, कुणीतरी पाळणा खाली ठेवायला लावतं. आजोबा आपल्या खिडकीचा पडदा ओढतात. पलीकडे एलिफचा श्वास ऐकू येत होता. मध्ये एकदा ती म्हणाली, "थांबू नका," आणि मी थांबले नाही. रेघ मारलेले शब्द आले तेव्हा मी सांगितलं की इथे रेघ आहे, आणि तेही वाचले.

सातव्या पानाच्या शेवटी आजोबांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं, हुद्द्यासकट, आणि पुढे एवढंच की त्या यादीची प्रत माझ्या हाताची आहे. ते वाक्य मी दोनदा वाचलं.